पावसात आटणारा तलाव

१

करवनटोल्याचा तलाव चोरीला गेल्याची बातमी दुलीचंदच्या पानठेल्यावर आली, तेव्हा तलाव समोरच होता. काठोकाठ भरलेला. म्हशी पोटापर्यंत पाण्यात उभ्या राहून इकडंच पाहत होत्या, जणू त्यांनाही पुढचं ऐकायचं होतं.

बातमी आणली उमेंद्रनं. उमेंद्रचं किराणा दुकान ठेल्याला लागून, म्हणून दोघांची मैत्रीही लागून आणि भांडणही लागून.

"पंचायतीत कागद आला," उमेंद्र सुपारी गालात सरकवत म्हणाला. "त्या पान्याच्या मोठ्या केंद्रातून. म्हने करवनटोल्याचा तलाव पावसात आटते अन उन्हाळ्यात भरते. म्हंजे कोनीतरी पावसात गुपचूप तुडूम उघडून पानी सोडून रायलं."

तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातून खालच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, पाणी सोडायचं दार. ते उघडायचा लोखंडी दांडा मंगलीबाई उईकेच्या घरी असे. तिच्या सासऱ्यापासून तिच्याच घरी. रोज सकाळी तलावाचं पाणी मोजायचं काम केंद्रानं तिलाच दिलं होतं. ती आकडा सांगायची, ऑनलाइन सेंटरवाला भूपेंद्र तो कम्प्युटरमध्ये टाकायचा, आणि तो आकडा पुढं जायचा. कुठं जायचा ते गावात कोणाला धड ठाऊक नव्हतं. पावसापासून समुद्रापर्यंतच्या सगळ्या पाण्याचा हिशेब एका जागी ठेवतात म्हणे, एवढंच.

"अबे, पावसात आटणारा तलाव पाह्यला का कोनी?" दुलीचंद म्हणाला. "आकडेच खोटे हायेत."

"कम्प्युटरचे आकडे खोटे नसतेत. आकडे खरे, पानी चोरीले गेलं, अन चोर उदाराम. मासे धराले सोडते तो पानी."

"लाव पैज. आकडे खोटे."

"लावली. आकडे खरे. हारनारा सोमवारच्या बाजारात उकिडवा बसून, कान धरून, दर दुकानासमोर कोंबड्यावानी बांग देईन."

दुलीचंदचे डोळे चमकले. असली पैज त्याला दोन्हीकडून आवडायची. ठेल्यावरच्या माणसांना साक्षीला धरून त्यानं उमेंद्रच्या हातावर टाळी दिली.

मागून आवाज आला. "आकडे खोटे म्हंजे कोन खोटा, दुलीचंद?"

मंगलीबाई उभी होती. तंबाखू घ्यायला आली असावी, पण हात पुढं केला नाही.

"आकडे मी सांगते. सोमवारी पंचायत माह्या हातातून तुडूम काढून घेनार हाये, मालूम हाये ना तुले? तू पैज जितशीन तं मी खोटी ठरन. अन हा जितन तं मी चोराची साथीदार."

ती गेली. पहिल्यांदाच ठेल्यावर कोणाला हसू आलं नाही.

२

केंद्रातून चौकशीला बाई आली रविवारी. देवरीपर्यंत बस, पुढं भूपेंद्रच्या गाडीवर मागं बसून. रीना बिसेन तिचं नाव. बारीक अंगाची, पायात चप्पल, पाठीवर लॅपटॉपची पिशवी.

दुलीचंदनं पाहुणचार केला. त्याच्या पद्धतीनं. मसाला पानात एक हिरवी मिरची अशी दडवली, की पानालाही पत्ता लागू नये.

रीनानं पान हातात घेतलं, वजन केल्यासारखं हलवलं, उघडलं, मिरची काढून ठेल्यावर ठेवली. "भैया, मी गोंदियाची आहे. आता नीट बांधा."

त्या क्षणापासून दुलीचंद तिचा झाला. आजवर ते पान इंजिनियरनं खाल्लं होतं, बँकेच्या साहेबानं खाल्लं होतं, एका निवडणूक निरीक्षकानं तर अर्धं गिळलं होतं. उघडून पाहणारी ही पहिलीच.

"उघडून काऊन पाह्यलं जी?"

"सवय आहे. आत काय आहे ते वर लिहिलेलं नसलं, तर मी खात नाही." तिनं लॅपटॉप ठेल्यावर ठेवला. "माझं कामच ते आहे. हे बघा, तुमचा तलाव."

पडद्यावर आकडे होतेच, पण आकड्यांच्या आधी भलंमोठं काहीतरी लिहिलेलं होतं. दुलीचंदनं विचारलं, हा एवढा मोठा मायना कशाला?

"आकडा एकटा सोडायचा नसतो म्हणून," रीना म्हणाली. तिचा आवाज बदलला. दुलीचंदला वाटलं, आपण कात-चुन्याबद्दल बोलतो तेव्हा आपला होतो तसा. "समजा बर्फाच्या देशातल्या कोणी ही फाईल उघडली. आजपासून पन्नास वर्षांनी. त्याला मराठी येत नाही, करवनटोला ठाऊक नाही, मंगलीबाईला फोन लावता येत नाही. तरी त्याला कळलं पाहिजे, की हा आकडा पाण्याचा आहे का हवेचा, मीटरचा आहे का फुटाचा, जगाच्या पाठीवर कुठला आहे, एका क्षणाचा आहे का दिवसभराचा. आणि एखाद्या दिवशी मोजलंच नसेल, तर तिथं शून्य नाही लिहायचं, 'मोजलं नाही' असंच लिहायचं. सगळ्या जगानं एकाच पद्धतीनं."

"म्हंजे आकड्याले आधार कार्ड."

"त्याहून चांगलं. यातला फोटो ओळखू येतो."

दुलीचंद हसला. हसता हसता थांबला. "हे नियम कोनं केले पन? दिल्लीनं?"

"कोणी एकानं नाही. समुद्रवाले, हवामानवाले, बर्फवाले. बरेच जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतील. एकेका शब्दावर महिनोन्‌महिने वाद घालतात, मग एकमत करतात. समुद्रवाल्यांची सवय खोली खाली मोजायची, हवावाल्यांची उंची वर मोजायची. दोघांनाही एकाच नियमात बसवलं. नाहीतर एकाच फाईलमध्ये मासे ढगात पोहतील आणि गिधाडं समुद्राच्या तळाशी जातील."

"इथं पोळ्याचं तोरन कोठी बांधाचं यावर गावाचं एकमत होत नाई," दुलीचंद म्हणाला. त्याच्या आयुष्यात त्यानं फार कमी गोष्टींना मान दिला होता. या न पाहिलेल्या भांडकुदळ लोकांना त्यानं मनातल्या मनात एकेक पान लावून दिलं, मिरचीशिवाय.

मग रीनानं रेघ दाखवली. तलावाची रेघ. पाऊस सुरू झाला की रेघ खाली जाई, भादव्यात तळाला लागे, आणि उन्हं तापली की सावकाश वर चढे.

"खोटं हाये हे, मॅडम," दुलीचंद म्हणाला. "पाहा, ज्या दिवशी सांडवा वाह्यला, त्या दिवशीचं पाहा. मी स्वतः सांडव्यात पडलो होतो, उमेंद्रले ढकलाले गेलो अन मीच गेलो. तलाव तोंडापर्यंत होता. अन तुमचं यंत्र म्हनते, तलाव कोरडा."

तारीख उमेंद्रनं आपल्या दुकानातून ओरडून सांगितली. त्याला ती पाठ होती.

रीनानं तो आकडा पाहिला. बराच वेळ पाहिला. "जवळजवळ शून्य," ती पुटपुटली. लॅपटॉप मिटला.

"तीन जणांना भेटायचं आहे. उदाराम, भूपेंद्र आणि मंगलीबाई. हे तीन संशयित."

"चला, मी दाखवतो."

"तुम्ही कुठं सुटलात? गावात काही उलटं झालं की पहिलं नाव कोणाचं घेतात, ते मी बसमध्येच ऐकलं. चौथे तुम्ही."

३

उदाराम तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं विणत बसला होता. चोर म्हटल्यावर त्यानं मान वर केली नाही, फक्त हातातली सुई थांबवली.

"पावसात पानी सोडलं तं माह्ये मासे कोठी जातीन, बाई? लोकाइच्या बांधीत. मी पावसाच्या तोंडी बीज सोडतो, पोसतो, अन पानी उतरलं की धरतो. पावसात तुडूम उघडनारा मानूस माह्या दुस्मन असन, मी कायले असन?"

"अन पानी सोडलं असतं, तं खालच्या बांध्यातले लोक गप बसले असते का?" दुलीचंदनं आपलीही अक्कल लावली. "धानाचा रोवना वाहून गेला असता. लाठ्या निघाल्या असत्या."

रीनानं त्याच्याकडं नव्यानं पाहिलं. "सही बोललात. चोरी झाली असती तर खाली पाणी दिसलं असतं. म्हणजे चोर नाहीच."

"मंग आकडे खोटे," दुलीचंद म्हणाला, आणि म्हणताच त्यानं जीभ चावली. पैज त्याच्याकडं वळत होती, आणि मंगलीबाई खोटी ठरत होती.

भूपेंद्र आपल्या सेंटरमध्ये फुगून बसला होता. त्यानं बी.एस्सी. केलं होतं आणि ते तो प्रत्येक वाक्यात सांगायचा. "मी बी.एस्सी. आहो, मॅडम. एक आकडा इकडचा तिकडं केला नाही. काकू सांगते, मी टाकतो, पुन्हा वाचून दाखवतो. तुमच्या लोकांनी जो नमुना पाठवला, त्यातली एकेक ओळ भरली. यंत्रानं हिरवी खूण दिली. आता काय जीव देऊ?"

"नमुना दाखव," रीना म्हणाली.

तिनं नमुना वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. तिच्या कपाळावर आठी आली. ती भूपेंद्रवरची नव्हती, हे दुलीचंदला दिसलं. पानठेल्यावर बसून माणूस दुसरं काही शिको न शिको, चेहरे शिकतो.

"तुमची पाळी," रीना त्याला म्हणाली, बाहेर आल्यावर. "तुमचे उपद्व्याप सांगा."

दुलीचंदनं सांगितले. तुडमावर बुजगावणं उभं करून त्याला साहेबाची टोपी घातली होती, अर्ध्या गावानं त्याला नमस्कार केला होता. नागझिऱ्याचा वाघ बाजारात आला म्हणून माइकवर सांगितलं होतं आणि पळालेल्यांची भजी खाल्ली होती. "पन मंगलीच्या मोजन्याले हात नाई लावला, मॅडम. तिच्या हातचा दांडा फिरते तवा आमच्या घरात भात शिजते. मस्करी कोठी थांबवाची ते समजते मले."

"मग पैज लावताना का नाही थांबलात?"

त्यानं वाटेतच उमेंद्रला गाठून पैज मोडायची भाषा केली होती. उमेंद्र म्हणाला, टाळी दिलेली पैज मोडत नसते, बांगेची तयारी कर.

मंगलीबाई तुडमाच्या दगडी चौथऱ्यावर वाट पाहत होती. सकाळचं मोजून झालं होतं, पण रीनानं पुन्हा मोजायला सांगितलं.

"मी खोटी हाये म्हून पाहाले आल्या का?"

"तुम्ही कशा मोजता ते पाहायला आले."

मंगलीबाईनं पदर खोचला. वरच्या दगडावर उभी राहिली. कमरेची फीत काढली, तिच्या टोकाला शिशाचा गोळा बांधलेला होता. गोळा खाली सोडला. तो पाण्याला टेकला, पाण्यावर एक वलय उठलं, तिनं बोटानं फीत दगडाच्या कडेवर दाबली आणि आकडा वाचला. हात जरासुद्धा हलला नाही. दोनदा मोजलं, दोन्हीदा तेच आलं.

"सुरेख," रीना म्हणाली, आणि ते खोटं वाटलं नाही. मग तिनं दुलीचंदला विचारलं, "तुम्ही सांडव्यात पडलात त्या दिवशी हा दगड पाण्यात बुडला होता?"

"बुडला नवता जी. पानी बरोबर दगडाच्या ओठाले लागलं होतं. सांडवा इथीच लागून हाये, मी यालेच धरून वर आलो."

रीना आधी गालात हसली. मग मोठ्यानं हसली. पाळीवरचे बगळे उडाले. मंगलीबाईचा चेहरा कठीण झाला.

"हसून नका राहू मॅडम," ती म्हणाली. "माह्या घरचा दांडा हाये."

रीना लगेच थांबली. तिनं मंगलीबाईचा हात धरला. "उद्या सगळ्या गावासमोर सांगते. तिथंच सांगायला हवं. तुमच्यावर गावासमोर आळ आला आहे."

"चोर सापडला का?" दुलीचंदनं विचारलं.

"सापडला," रीना म्हणाली. "पण तो या गावचा नाही."

४

सोमवारी बाजार भरला आणि पंचायतीच्या ओट्यावर सभाही भरली. सरपंच शामकलाबाई खुर्चीवर. बाजारातली माणसं पिशव्या घेऊन उभी. दुलीचंद अगदी पुढं, उमेंद्र त्याच्या शेजारी, घसा खाकरत, त्याला चिडवायला.

"बोला मॅडम," शामकलाबाई म्हणाल्या. "पानी चोरलं कोनं, का आकडे खोटे सांगितले कोनं?"

"दोन्ही नाही," रीना म्हणाली. "चोरीचं आधी. तुडूम पावसात उघडला असता तर खालच्या बांध्या वाहून गेल्या असत्या. गेल्या का?"

खालचे शेतकरी नाही म्हणाले.

"आता खोट्याचं. सरपंचबाई, समजा मला घरी बसून खोटे आकडे सांगायचे आहेत. मी काय सांगेन? पावसात पाणी वाढलं, उन्हाळ्यात कमी झालं. खोटं बोलणारा माणूस लोकांना पटेल असंच बोलतो. पावसात तलाव आटला असं सांगणारा खोटारडा मी अजून पाहिला नाही."

दुलीचंदच्या डोक्यात लख्ख झालं. खरंच की. त्यानं आयुष्यभर थापा मारल्या होत्या, पण इतकी वाईट थाप त्यालाही सुचली नसती.

"मग मी आजूबाजूच्या पावसाची नोंद मंगलीबाईंच्या आकड्यांशेजारी ठेवली," रीना पुढं म्हणाली. "जेव्हा जेव्हा पाऊस पडला, त्यांचा आकडा कमी झाला. जेवढा जोराचा पाऊस, तेवढा जास्त कमी. एकदाही चुकला नाही. आरशात पाहावं इतका नेमका उलटा. थापा मारून असं जमत नाही, रोज सकाळी तलावावर जावंच लागतं. दुलीचंदभाऊ, एक चहा मागवा."

चहा आला. काचेचा ग्लास, तोंडापर्यंत भरलेला.

"हा भादव्यातला तलाव. आता ग्लासाच्या काठापासून चहापर्यंत बोट लावा. किती अंतर?"

"कायच नाई. बोट भिजलं."

"प्या थोडा. आता?"

"एक पेर."

"अजून प्या. हा झाला वैशाख."

दुलीचंदनं ढोसला आणि बोट आत घातलं. बोट जवळजवळ पूर्ण आत गेलं. तो बोटाकडं पाहत राहिला. "चहा कमी झाला," तो सावकाश म्हणाला, "अन आकडा वाढला."

"तेच. मंगलीबाई दगडावरून पाण्यापर्यंत मोजतात. या गावात विहीर अशीच मोजतात ना? कोणी विचारत नाही, विहिरीत पाणी किती आहे. विचारतात, पाणी कितीवर गेलं. कारण बादली आणि दोर तिथपर्यंत पोहोचवायचा असतो. हे मोजणं शंभर टक्के बरोबर आहे. समुद्राची खोली मोजणारे शास्त्रज्ञही वरून खालीच मोजतात. तलाव भरलेला होता, म्हणून आकडा शून्याजवळ होता. आमच्या यंत्राला वाटलं, आकडा तळापासून वर मोजलेला आहे. म्हणून भरलेला तलाव त्याला कोरडा दिसला."

"मंग चोर?" उमेंद्रनं विचारलं.

रीनानं मान खाली घातली नाही, पण आवाज उतरला. "आम्ही. जगानं नियम करून ठेवला आहे, की माप कोणत्या दिशेनं वाढतं ते फाईलमध्ये लिहायचं. वर किंवा खाली. एकच शब्द. कारण नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं, की कुठंतरी कोणीतरी वरून मोजत असेल, कुठंतरी कोणी खालून. दोघंही बरोबर असतील. आमच्या केंद्रानं भूपेंद्रला पाठवलेल्या नमुन्यात ती ओळच ठेवली नाही. आम्हाला वाटलं, कोणीही खालूनच मोजणार. न सांगता धरून चाललो, आणि आळ मंगलीबाईंवर आला. मी केंद्राच्या वतीनं माफी मागते."

भूपेंद्रनं हळूच कॉलर सरळ केली.

रीनानं लॅपटॉप लोकांकडं वळवला. फाईल उघडली, एक ओळ वाढवली, त्या ओळीत एकच शब्द लिहिला. खाली. मग यंत्राला रेघ पुन्हा काढायला सांगितली.

रेघ उलटली. पावसाबरोबर चढली, सांडवा वाहिला त्या दिवशी शिखरावर गेली, उन्हात उतरली. एकही आकडा बदलला नव्हता. मंगलीबाईनं सांगितलेला प्रत्येक आकडा जिथल्या तिथं होता. दुलीचंद पडद्याजवळ सरकला. एक शब्द, आणि आख्खा तलाव जागेवर. त्या न भेटलेल्या भांडकुदळांनी करवनटोल्याचं नाव न ऐकता करवनटोल्याची सोय करून ठेवली होती.

मंगलीबाई रेघेकडं पाहत होती. "हा माह्या तलाव," ती म्हणाली. "ही दिवाळी, अन हा इथी जरासा उतरला, तवा मी रब्बीचं पानी सोडलं होतं."

"दांडा मंगलीच्याच घरी राहीन," शामकलाबाई म्हणाल्या. "कोनाले काही बोलाचं हाये का?"

कोणाला नव्हतं. उदारामनं तेवढं उमेंद्रकडं पाहून आपलं जाळं झटकलं.

मग उमेंद्रनं घसा खाकरला. "एक राह्यलं, सरपंचबाई. आकडे खरे निघाले. मी म्हनलो होतो, आकडे खरे."

"तू तं उदारामले चोर बी म्हनला होता," दुलीचंद म्हणाला.

"पैज आकड्याइची होती."

दुलीचंदनं साक्षीदारांकडं पाहिलं. साक्षीदार आधीच हसत होते. तो उठला, टोपी उमेंद्रच्या हातात दिली आणि बाजाराच्या पहिल्या दुकानासमोर, म्हणजे वांग्यांच्या ढिगासमोर, उकिडवा बसला. कान धरले. अशी बांग दिली, की वांगेवालीच्या हातातला तराजू कलंडला.

हरून इतका खूश झालेला माणूस त्या बाजारानं पाहिला नव्हता. तो सुकट मासोळीपुढं ओरडला, बांगड्यांपुढं बारीक आवाजात ओरडला, उदारामपुढं माफी मागून ओरडला. रीना मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करत मागं चालली होती. उमेंद्र दुकानं मोजत होता, एकही सुटू देत नव्हता.

कोंबड्यांच्या खुराड्यापुढं तर आतल्या लाल कोंबड्यानं मान ताणून उलट बांग दिली. दुलीचंदनं पुन्हा दिली. त्यानंही दिली. गर्दी जमली.

"अबे, हे दुकान झालं, पुढं चल," उमेंद्र म्हणाला.

"थांब जरा," दुलीचंद कान न सोडता म्हणाला. "हा मले जिताले पाहून रायला."

पलीकडं मंगलीबाई शिंगाड्यांची टोपली मांडून बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"इकडं बी ये गा, दुलीचंद," तिनं हाक मारली. "माह्यं बी दुकान हाये. अन मोठ्यानं दे. ते बर्फाच्या देशातले लोक हायेत ना, त्याइले आयकू गेली पाह्यजे."